लवकरच येत आहे

व्हिडिओ गेमच्या दुकानदाराला दिवाळीपेक्षा जून जड जातो. दिवाळीत असलेला माल विकायचा असतो, जूनमध्ये नसलेल्या मालाबद्दल दिवसभर बोलायचं असतं. अमेरिकेत १९९५ पासून ई-थ्री नावाचं प्रदर्शन भरायचं, बहुतेक वर्षं लॉस एंजेलिसला, आधी मे महिन्यात आणि पुढे जूनमध्ये. सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो या कंपन्या येत्या दोन-चार वर्षांत काय आणणार ते तिथे जाहीर करायच्या. तिकडे संध्याकाळी सहाला सोनीचा कार्यक्रम सुरू झाला की कोल्हापुरात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा वाजलेले. मी दहाला शटर वर करीपर्यंत राजारामपुरीतल्या पोरांचं सगळं बघून, भांडून, कुठली कंपनी जिंकली आणि कुठली आपटली याचा निकालही लागलेला असायचा. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला, "दादा, आलं काय हो?"

सकाळी अमेरिकेत ज्या वस्तूचं नुसतं नाव घेतलंय, ती दहा वाजता राजारामपुरीत कुठून येणार? पण असं विचारणाऱ्याला हसायचं नाही, हे धंद्यात पहिल्यांदा शिकलो. त्याच्या दृष्टीनं ती वस्तू आलेलीच असते. उरतो तो फक्त पैशाचा आणि वाहतुकीचा प्रश्न.

मीही त्यांच्यातलाच. सुरुवात पार्लरनं केली. दोन टीव्ही, दोन चिप मारलेले प्लेस्टेशन टू, तासावर पैसे. ओरिजिनल डिस्क तेव्हा कुणी विचारत नव्हतं आणि मीही ठेवत नव्हतो. सगळा बाजारच कॉपीवर चालायचा. प्लेस्टेशन थ्री आला, ब्लू-रे डिस्कची कॉपी करणं परवडेना, आणि मग हळूहळू ओरिजिनलचं दुकान झालं. विकत घेणं आणि परत घेणं, दोन्ही. घोषणा बघायची सवय मात्र त्याआधीची. इंटरनेट जेमतेम होतं तेव्हा डिजिट मासिकाबरोबर सीडी, डीव्हीडी यायची, तिच्यात ट्रेलर असायचे. महिना-दोन महिने शिळे, पण आम्हाला ताजेच.

मे २००५ मध्ये सोनीनं प्लेस्टेशन थ्रीसाठी किलझोन या युद्धाच्या गेमच्या पुढच्या भागाची फीत दाखवली. सायबर कॅफेतून ती सीडीवर घेऊन एक कॉलेजचा पोरगा दुकानात आला आणि दिवसभर आमच्या टीव्हीवर तीच चालली. उडत्या वाहनांतून सैनिक उद्ध्वस्त शहरात उतरतात, धूर, ठिणग्या, घामेजलेले चेहरे. बघणारे गप्पच झाले होते. पुढे उघड झालं की तो गेम नव्हताच. गेम असा दिसावा अशी इच्छा होती, ती ॲनिमेशनमध्ये बनवून दाखवली होती. गेम प्रत्यक्षात आला फेब्रुवारी २००९ मध्ये, आणि चांगला आला. मात्र त्या पोरानं तो घेतला नाही. त्याला पाहिजे होती ती फीत. ती विकायला कुठं होती?

तेव्हापासून ट्रेलर बघताना माझी नजर कोपऱ्यात जाते. गोळ्या किती उरल्या त्याचा आकडा दिसतो का, जीव किती राहिला ती पट्टी आहे का, छोटा नकाशा आहे का. हे नसलं तर हात आखडता घ्यायचा. दुसरी खूण चालण्याची. खरा खेळणारा भिंतीला धडकतो, उगाच गिरकी घेतो, जिन्याच्या पहिल्या पायरीवर अडकतो. ट्रेलरमधला माणूस कधीच धडकत नाही, आणि कॅमेराही त्याच्या मागून असा अलगद जातो की कुणाच्या अंगठ्याखाली तो आहे असं वाटतच नाही. स्थळाचा फोटो स्टुडिओतला आहे की लग्नाच्या पंगतीतला, हे आमच्या आईला बरोबर कळायचं. त्यातलाच प्रकार. तिसरी गोष्ट शेवटची पाटी. तारीख, किंमत आणि कुठल्या मशीनवर, या तिन्हींपैकी काय सांगितलं नाही ते आधी बघतो. नुसतं 'लवकरच' असेल तर वहीत नाव लिहायचं आणि पैसे घ्यायचे नाहीत.

पण अशी पारख कितीही शिकलो तरी २०१३ चा जून निराळा होता, कारण त्या वेळी मंचावरून माझ्याच धंद्याबद्दल बोललं जाणार होतं.

आमच्यासारख्या गावात गेमचा धंदा नव्या डिस्कवर चालत नाही. तेव्हा तीन-साडेतीन हजारांना पडणारी नवी डिस्क घेणारे मोजकेच. ती पंधरा दिवसांत खेळून संपते, मग पोरगा ती घेऊन येतो. मी डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरतो, मागच्या बाजूला उठलेल्या रेषांवरून नख हलकेच फिरवतो. नख अडकलं तर भाव पडतो, नाही अडकलं तर ठरलेला भाव. खोक्याची कडी तुटलीय का, आतला कागद आहे का तेही बघायचं. काही कंपन्या त्या काळात खोक्यात एक चिठ्ठी घालायच्या, तिच्यावरचा कोड एकदा वापरला की पुढच्या मालकानं ऑनलाइन खेळायला वेगळे पैसे मोजायचे. असे खोके वेगळे ठेवावे लागत. मग डिस्क दुसऱ्याकडे जाते, तिसऱ्याकडे जाते. एक शिक्षक मुलाच्या वाढदिवसाला एकच नवा गेम घ्यायचे आणि वर थोडे थोडे पैसे टाकून तो बदलत बदलत पुढच्या वाढदिवसापर्यंत पोचायचे. एका डिस्कच्या भांडवलावर वर्ष निघायचं.

त्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन जाहीर केला. हे मशीन चोवीस तासांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागणार होतं, आणि वापरलेली डिस्क दुसऱ्याला द्यायची की नाही, कशी द्यायची, यावर कंपन्यांचे नियम असणार होते. पहिल्याच पावसाच्या सरीला जिथे लाइट जाते आणि तिच्यामागे ब्रॉडबँड जातं, तिथे चोवीस तासांची अट म्हणजे खेळूच नका म्हणण्यासारखं. सोनीही हेच करणार, अशी चर्चा होती. दोघांनी केलं असतं तर मला मोबाइल रिचार्जचं दुकान काढावं लागलं असतं. घरात तसं बोलणंही झालं होतं.

११ जूनच्या सकाळी पाऊस लागला होता. लॅपटॉपवर फीत अडखळत, चार पावलं पुढे जाऊन थांबत होती. सोनीच्या अमेरिकेतल्या कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॅक ट्रेटन मंचावर आले आणि त्यांनी सांगितलं की प्लेस्टेशन फोर वापरलेल्या डिस्कवर कसलंही बंधन घालणार नाही. सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. तेवढ्यात माझं चित्र गोठलं, नुसता टाळ्यांचा आवाज येत राहिला. अंगणातून बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "दुकान राहिलं." मग कंपनीनं एक चिमुकली फीतही सोडली. प्लेस्टेशनवर गेम दुसऱ्याला कसा द्यायचा, तर एकानं खोकं पुढे करायचं आणि दुसऱ्यानं घेऊन थँक यू म्हणायचं, संपलं. ती मी दुकानात किती वेळा लावली असेल त्याला गणती नाही. पुढच्याच आठवड्यात, १९ जूनला, मायक्रोसॉफ्टनंही अटी मागे घेतल्या.

त्याच कार्यक्रमात किंमत आली ३९९ डॉलर, एक्सबॉक्सपेक्षा शंभर कमी. डॉलर तेव्हा ५८ रुपयांच्या आसपास होता. त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकानं मोबाइलवर गुणाकार करून मला तेवीस हजारांचा आकडा दाखवला. कुणी भिशी लावली, कुणी आजोबांना गाठलं. जानेवारी २०१४ मध्ये मशीन भारतात आलं ते ३९,९९० रुपयांना. मंचावरचा माणूस जो आकडा उच्चारतो तो आपल्यासाठी नसतो. त्यात आयात शुल्क, कर, बाजार केवढा याचे हिशोब मिसळून तो इकडे पोचतो. भिशीवाली मंडळी माझ्यावर रागावली, जणू मधले सतरा हजार मीच खाल्ले.

घोषणा आणि वस्तू यांच्यामधल्या काळात काय होतं, हे काउंटरच्या या बाजूनं जितकं दिसतं तितकं कुठूनच दिसत नसेल. विचारणारा आणि घेणारा यांत पुष्कळदा एवढं अंतर पडतं की तो तोच माणूस राहत नाही. द लास्ट गार्डियन नावाचा गेम, एक मुलगा आणि एक अजस्र पंखवाला प्राणी यांची गोष्ट, २००९ ला जाहीर झाला आणि २०१६ च्या डिसेंबरात आला. दहावीत असताना त्याबद्दल सारखा विचारणारा मुलगा मधल्या काळात बारावी झाला, इंजिनिअर झाला, नोकरीला लागला. गेम आला तेव्हा मी आठवणीनं फोन केला. "दादा, ऑफिसात आहे, नंतर बोलतो," म्हणाला. नंतर त्यानं डिस्क मागवून घेतली खरी. वर्षभरानं ती परत विकायला आली, सील न फोडलेली.

दुसरं उदाहरण सहकारी बँकेतल्या एका कारकुनाचं. १९९७ चा फायनल फँटसी सेव्हन हा जपानी गेम, तीन डिस्कचा, त्यांनी कुणाच्या तरी घरी चोरून चोरून पुरा केला होता. जून २०१५ मध्ये सोनीच्या मंचावर त्याच्या रीमेकची घोषणा झाली. त्या सकाळी सभागृहातली दाढीमिशीवाली माणसं रडताना दिसली. ते कारकून मला फोन करून नुसते "बघितलंत का, बघितलंत का" म्हणत राहिले. पुढे पाच वर्षं ते महिन्याच्या पहिल्या शनिवारी यायचे, एखादी जुनी डिस्क घ्यायचे आणि जाताना चौकशी करायचे. गेम आला १० एप्रिल २०२० ला. देशभर टाळेबंदी होती, माझं शटर खाली होतं, पुरवठादाराचा माल कुठे अडकला ते त्यालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी तो शंभर जीबीच्या घरातला गेम घरच्या इंटरनेटवर रात्री रात्री उतरवला आणि मग मला फोन करून माफी मागितली, दुसऱ्या दुकानातून घेतल्यासारखी. शिवाय तो निम्माही निघाला नाही. जुन्या गोष्टीतलं फक्त पहिलं शहर त्यात होतं, दुसरा भाग फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, तिसऱ्याचं काम चाललंय. "तिसरा येईपर्यंत मी रिटायर होतो," ते म्हणतात, "मग निवांत खेळतो."

मला स्वतःला निन्टेन्डोचा ढंग आवडतो, जरी त्या कंपनीची भारतात अधिकृत विक्री नसल्यानं तिचा माल मुंबईहून, दुबईहून फिरत येतो. त्यांनी २०११ मध्ये निन्टेन्डो डायरेक्ट हा इंटरनेटवरचा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे सभागृह सोडलं. त्यांचे अध्यक्ष सातोरू इवाता स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहून बोलायचे, गल्ल्यावरून मालक बोलतो तसं. जुलै २०१५ मध्ये ते गेले. याच कंपनीनं २०१७ मध्ये मेट्रॉइड प्राइम फोर या गेमची घोषणा केली ती नुसतं बोधचिन्ह दाखवून. चाराचा आकडा, बस. पोरं त्या आकड्यावर नाचली. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी, शिन्या ताकाहाशी, कॅमेऱ्यासमोर आले आणि त्यांनी सांगून टाकलं की काम आमच्या अपेक्षेला उतरत नाहीये, आम्ही दुसऱ्या स्टुडिओला बरोबर घेऊन पहिल्यापासून सुरू करतोय, वेळ लागेल. संगीत नाही, स्फोट नाही. इतक्या वर्षांत पाहिलेल्या घोषणांत मला सगळ्यात भावली ती ही. गेम २०२५ च्या डिसेंबरात आला. पुरवठादाराकडून माल अडकला की मी ग्राहकाशी ताकाहाशींच्या चालीवर बोलतो. अडकलाय, कधी येईल सांगता येत नाही, पैसे परत हवेत तर घेऊन जा. फार थोडे घेऊन जातात.

ऑगस्ट २०२० मधल्या एका रात्री याच कंपनीच्या इंडी वर्ल्ड कार्यक्रमात देवळांचे खांब, दीपमाळा, मोरपंखी रंग दिसले आणि मी खुर्चीत सरळ झालो. राजी नावाचा गेम. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, पाठीशी दुर्गा. बनवणारे पुण्याचे, नॉडिंग हेड्स गेम्स. २०१७ मध्ये लोकांकडून पैसे उभारायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी गेम पुरा केला होता आणि तो त्याच दिवशी विकायलाही लागला. 'लवकरच' नाही, आजच. आनंद झाला आणि हसूही आलं. पुण्यात बनलेला गेम जपानी कंपनीच्या कार्यक्रमात, ज्या मशीनची इथे अधिकृत विक्री नाही त्या मशीनवर, आणि तोही डाउनलोड. म्हणजे घरचा गेम, पण माझ्या दुकानात विकायला काही नाही. दोन-तीन महिन्यांत तो इतर मशीनवर आला तेव्हा मी तो घेऊन पोरांना फुकट दाखवत होतो. कमिशन नसलेली जाहिरात मी तेवढीच केली असेन.

पार्लरच्या काळात माझ्याकडे तासन्‌तास बसणारा, पैसे संपले की दुसऱ्याचा खेळ बघत उभा राहणारा एक मुलगा आता पुण्यातच अशा एका स्टुडिओत आहे. परदेशी गेमसाठी लागणारं सामानसुमान तिथे बनतं. खुर्च्या, दिवे, भिंती, फुटक्या बाटल्या. कुठला गेम, कुठली कंपनी, हे तोंडातून काढायचं नाही अशी सही दिलेली. एका जूनमध्ये घरी आला होता. दुकानात मोबाइलवर एक ट्रेलर लावला, बोटानं मागे-पुढे करत एका जागी थांबवला आणि चिमटीनं चित्र मोठं केलं. नायक पळतोय, मागे बंदर, डावीकडे पडद्याच्या कडेला एक गंजकं पिंप. "ते माझं," म्हणाला. पिंपाच्या बुडाशी गंजाचा ओघळ होता, वरच्या कड्याला पोपडे. त्यातला एक पोपडा कसा उचलला गेलाय ते तो समजावून सांगत होता. किती दिवस लागले, विचारलं तर नुसता हसला. गेम जाहीर होणार आहे हे त्यालाही आमच्यासारखंच कार्यक्रम बघताना कळलं होतं.

त्यानंतर मला ट्रेलरमध्ये नायकाच्या मागचं जास्त दिसायला लागलं. जून २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं परफेक्ट डार्क हा गेम खेळून दाखवला आणि जुलै २०२५ मध्ये तो रद्द झाला, बनवणारा स्टुडिओही बंद. सोनीनं मे २०२३ च्या कार्यक्रमात दिमाखात आणलेला कॉनकॉर्ड हा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला बाजारात आला आणि ६ सप्टेंबरला त्याचे सर्व्हर बंद करून सगळ्यांचे पैसे परत दिले गेले. त्या वर्षी दुकानातली पोरं पोट धरून हसत होती. मला त्यातली पिंपं कुणी बनवली असतील असं वाटत होतं. हे पोरांना सांगायला गेलो तर म्हणाली, "दादा, तुम्ही म्हातारे झालाय." असेलही.

ई-थ्री आता नाही. २०२० ला करोनानं थांबवलं, मध्ये एकदा नुसतं ऑनलाइन झालं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये कायमचं बंद केल्याचं आयोजकांनी जाहीर केलं. कंपन्या आता वाटेल तेव्हा कार्यक्रम करतात, सोनीचा कधी रात्री दीडला, निन्टेन्डोचा कधी जेवणाच्या वेळेला. किंमत सांगायची टाळायचीही नवी रीत निघाली आहे. एप्रिल २०२५ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच टू या मशीनचा तासाभराचा कार्यक्रम झाला, त्यात किंमत नव्हतीच, ती नंतर वेबसाइटवर सापडली. लोक चिडले. मला मात्र कौतुक वाटलं, कारण जे वाक्य बोलायला कठीण असतं ते कागदावर सरकवणं हे दुकानदारीतलं जुनं कसब.

सध्या वहीची पानं जीटीए सिक्स या गेमनं भरली आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये पहिला ट्रेलर आला, वेळेआधीच फुटला म्हणून पहाटे घाईघाईनं सोडला गेला, शेवटी पाटी २०२५ ची. मग तारीख पडली मे २०२६ ची. मग १९ नोव्हेंबर २०२६. प्रत्येक वेळी मी पेन्सिलीनं लिहिलेला महिना खोडून नवा लिहितो. परवा यादीतला एक पोरगा आला, ऑक्टोबरपासून एमएससाठी जर्मनीला निघालाय म्हणाला.

"मग नाव काढू का?"

"काढू नका. धाकट्याचं लिहा."

"धाकटा कितवीत?"

"सातवीत हो. पण तोवर बारावीत जातोय बघा."